खुर्ची खचते तेव्हा

खुर्ची टिकवण्याची धडपड फक्त राजकारणात असते, असा आपला समज. हल्ली ती कचेरीत आणि घरातही दिसते. सकाळी हव्या त्या उंचीवर आणलेली चाकांची खुर्ची दुपारपर्यंत हळूहळू खाली जाते आणि बसलेल्याची हनुवटी टेबलाला टेकायच्या बेतात येते. २०२०च्या टाळेबंदीत अशा खुर्च्या घरोघरी आल्या. त्यांतल्या अनेकींनी आता बसकण मारली आहे. मग उशी येते, पाठदुखी येते आणि शेवटी भंगारवाला येतो.

हे शेवटचे पाऊल बहुधा अनावश्यक असते. चाके, पाठ, आसन सारे धडधाकट असते. दमलेली असते ती मधली नळी. तिच्यात दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो. आसनाखालची दांडी ओढली की नळीच्या डोक्यावरचे बटण दाबले जाते, झडप उघडते आणि आसन वरखाली होते. दांडी सोडली की झडप बंद, आसन जागच्या जागी. आतले सील झिजले की वायूला वाट फुटते आणि आसन खचू लागते. कधी कधी नळीचा दोषही नसतो; दांडीच वाकून बटणावर दाबून बसलेली असते. म्हणून आधी ती पाहावी.

नळी खरोखरच गेली असेल तर ती दुरुस्त होत नाही, पण बदलता येते. तिची दोन्ही टोके निमुळती असून बहुतेक खुर्च्यांत ती नुसती घट्ट रुतलेली असतात. खुर्ची उलटी करून नळीच्या खालच्या टोकाच्या कडेवर रबरी हातोडीने ठोकले की पाया सुटतो. वरचे टोक पाइपपान्याने पिळून निघते. जाडी आणि लांबी मोजून नवी आणावी, बसवावी आणि तिच्यावर बसावे. आपल्याच वजनाने ती पक्की होते. जुनी नळी मात्र कापू किंवा तापवू नये. आतला दाब जिवावर बेतू शकतो. भंगाराच्या दुकानात छिन्नी घेऊन बसलेल्या पोराला हे कोण सांगणार? आपली फेकलेली खुर्ची त्याच्या पुढ्यात जाते, याचा विचार आपण करायला हवा.

पूर्वीच्या खुर्च्यांना हे संकट नव्हते. १८५९ साली व्हिएन्नाच्या थोनेट यांनी काढलेली खुर्ची सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट यांची होती. तसल्याच वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांवर मुंबईच्या इराणी हॉटेलांत पिढ्यांनी चहा प्यायला. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्यांचा वेत फाटला तर तो पुन्हा विणून मिळे. अनेक अंध कारागिरांची त्यावर चूल पेटली. खुर्ची दुरुस्त होणार, हे गृहीतच होते.

‘दुरुस्तीपेक्षा नवी बरी’ असे आता म्हटले जाते. वेळेचा हिशेब केला तर त्यात तथ्यही आहे. पण दुरुस्ती महाग वाटते ती सुटा भाग सहज मिळत नाही आणि बदलणारा माणूस सापडत नाही म्हणून. केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे निवडली. खुर्च्या-टेबलांचा त्यात उल्लेख नव्हता. तो व्हायला हवा.

कायद्याची वाट पाहायचीही गरज नाही. खुर्ची घेताना दुकानदाराला एवढेच विचारावे: ‘हिची नळी सुटी मिळेल का? कोणत्या मापाची?’ दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्याला तो आपणहून सांगेल.