कुतचा वेढा आणि आपली ‘बलिदाना’ची भाषा

पहिल्या महायुद्धातील खंदकांचा विषय निघाला की वर्गात सॉम आणि व्हर्दन ही नावे येतात. इंग्रजी कवितेने ती आपल्यापर्यंत आणून पोहोचवली आहेत. आपल्याकडची कितीतरी माणसे मात्र टायग्रिसकाठच्या चिखलात मेली, आणि त्या चिखलाला आपल्या साहित्यात जवळजवळ जागाच नाही.

डिसेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंड यांची सहावी (पुणे) डिव्हिजन कुत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांच्या सुटकेसाठी जानेवारी ते एप्रिल १९१६ या काळात शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयात असे हल्ल्यामागून हल्ले झाले. आत अडकलेले शेवटी शरण गेले ते सुमारे १३,०००. त्यांना सोडवताना बाहेर ठार वा जखमी झाले ते सुमारे २३,०००!

या हल्ल्यांमुळे तुर्की फौज गुंतून पडली आणि बसरा व अबादानचे तेल सुरक्षित राहिले, असे समर्थन केले जाते. मला ते पटत नाही. तेल राखण्यासाठी मुळात कुतपर्यंत धावण्याचीच गरज नव्हती. शिवाय जानेवारीतली घाई टाउनशेंड यांनी कळविलेल्या धान्याच्या हिशेबावर आधारलेली होती. २१ जानेवारीला हन्नाच्या उघड्या, पावसाने भिजलेल्या मैदानात सुमारे २,७०० माणसे पडली. त्यानंतर काही दिवसांतच धान्य एप्रिलपर्यंत पुरेल असे निष्पन्न झाले. ८ मार्चला दुजैलाची गढी पहाटे जवळजवळ रिकामी होती. तरीही ठरल्याबरहुकूम आधी तोफा डागायच्या म्हणून फौज थांबून राहिली, आणि तेवढ्यात तुर्क खंदकांत येऊन बसले. पुढे जनरल मॉड यांनी बोटी, रसद आणि इस्पितळे यांची महिनोन्महिने जुळवाजुळव केली आणि मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतले. जे धीराने साधले, ते घाईने साधणार नव्हते.

आता प्रश्न आपल्या भाषेचा. पानिपतावर बखरी झाल्या, कादंबऱ्या झाल्या; पराभवालाही आपण कथारूप दिले. कुतवर काय झाले? विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीत युद्धाची छाया आहे, पण ती दुसऱ्या महायुद्धाची. कुतच्या वाट्याला आला तो ‘बलिदान’ हा गौरवग्रंथांतला एकच शब्द. (‘शौर्यगाथा’ त्याचाच भाऊबंद.) हा शब्द एकदा उच्चारला की हल्ला का केला, कोणी ठरवला, ही विचारपूसच बंद होते. पदवीच्या वर्गात बखरीचे गद्य शिकवताना ‘हे कोणाच्या हुकुमाने घडले’ असे आपण आवर्जून विचारतो. तोच प्रश्न इथे का नको?

पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात काही गावांत एक दगडी पाटी आढळते: या गावातून अमुक माणसे महायुद्धावर गेली, त्यांपैकी अमुक परतली नाहीत. पाटीवर नावे नाहीत, आकडे आहेत. बसऱ्याच्या स्मारकावरही साध्या हिंदी शिपायांची अशीच मोजदाद आहे. नावे कोरली गेली ती अधिकाऱ्यांची.