निळ्या शाईतली ऑनलाइन सही

लिहायचं कारण राग आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की काका आजकाल फार तापतात.

आधी माझ्याविषयी एक गोष्ट. मी बत्तीस वर्षं कारकुनी केली, त्यातली बरीच आवक-जावकला. टिप्पणी कशी लिहायची, फाईल कशी फिरते, कुठे अडते आणि कोणाच्या टेबलावर मुद्दाम अडवली जाते, हे सगळं मी पाहिलंय. दोन-चारदा मीही अडवलीय, खोटं कशाला बोलू. तेव्हा हा लेख कारकुनांना शिव्या घालणाऱ्या बाहेरच्या माणसाचा नाही, आतल्याचा आहे. म्हणूनच जरा जास्त कडू लागेल.

तर झालं असं. माझी भाची एका विद्यापीठाच्या विभागात शिकवते. विद्यापीठ कुठलं ते सांगत नाही. घरच्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांनी अंदाज लावत बसू नये. तिचं आजोळ तेल्हारा. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत यायची तेव्हा तिचा एकच प्रश्न असायचा, ‘मामा, या विहिरीचं पाणी खारट आणि त्या विहिरीचं गोड, असं काऊन?’ आमच्या तालुक्याला उत्तरेकडे सातपुडा आणि दक्षिणेकडे पूर्णा. डोंगराच्या पायथ्याशी पाणी गोड, म्हणून तिथे संत्री, केळी. तिथून खाली पूर्णेकडे सरकत गेलं की पाणी खारं होत जातं. हाच तो खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला. खोल काळी जमीन, पाणी लवकर न जिरणारी, आणि खालचं पाणी असं की पिकाला घातलं तर जमीन बिघडते आणि माणसाने प्यायलं तर मूत्रपिंडाची भीती. गोड पाण्याची हद्द नेमकी कुठे संपते आणि ती दरवर्षी सरकते का, हे गावागणिक मोजायचं असं पोरीने ठरवलं. चाळीस विहिरी निवडल्या. एकदा मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, आणि एकदा दिवाळीनंतर, अशी दोन वर्षं नमुने घ्यायचे. बाटल्या, मीटर, तपासणीचा खर्च, एका पोराचा पगार आणि जाण्यायेण्याचं भाडं. मागणं एवढंच.

दिल्लीच्या एका योजनेत अर्ज करायचा होता. अर्ज ऑनलाइन. मला तर आनंदच झाला. म्हटलं, चला, आता माझ्यासारख्या माणसाची गरज उरली नाही. बटण दाबलं की काम झालं.

पण बटण दाबायच्या आधी संस्थाप्रमुखाच्या सहीचं, शिक्क्याचं पत्र जोडावं लागतं. ते पत्र मिळवायला पोरीने सव्वीस दिवस आधी फाईल लावली. ऑनलाइन अर्जाच्या आधी छापील तीन प्रती, स्पायरल बाइंडिंग करून. विभागप्रमुख, मग अधिष्ठाता, मग वित्त विभाग, मग कुलसचिव. वित्त विभागात फाईल नऊ दिवस राहिली आणि शेरा आला, ‘प्रवासखर्चाबाबत चर्चा करावी.’ मंडळी, ज्यांनी सरकारी नोकरी केली त्यांना या दोन शब्दांचा अर्थ माहीत आहे. ‘चर्चा करावी’ म्हणजे चर्चा करायची नाही, फाईल ठेवायची. तरी पोरगी चर्चेला गेली. तिथे तिला विचारलं, पाण्यावरच काम करायचंय तर इथल्या विहिरी का नको, त्यासाठी एवढ्या लांब तेल्हाऱ्याला कशाला जायचं? तिने खारपाणपट्टा समजावून सांगितला. पुन्हा टिप्पणी, पुन्हा सादर. अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती. साहेब गुरुवारपासून दौऱ्यावर.

सही सोमवारी मिळाली. सुरेख, निळ्या शाईत, गोल शिक्क्यासह. खाली तारीख मात्र गुरुवारची.

इथे त्या वेळी मे महिना सुरू होता. शेजारच्या गावचा एक शेतकरी, ज्याची विहीर त्या चाळिसात होती, मला बाजारात भेटला. ‘काऊन जी, भाची येणार होती ना पानी मोजाले?’ मी झालं ते सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘साह्यबाची सई नाई भेटली म्हून पानी मोजाचं ऱ्हायलं?’ बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं.

आता मुद्द्याचं बोलू. लोक म्हणतात, कागद गेला, ऑनलाइन आलं, प्रगती झाली. माझं म्हणणं उलटं आहे. संशोधनाच्या अर्जात कागद गेलाच नाही. फक्त शेवटचं पाऊल ऑनलाइन झालं, त्याच्या आधीची सगळी पायरी-पायरी तशीच राहिली. आणि या अर्धवटपणामुळे काम जुन्यापेक्षा वाईट झालं. पूर्वी अर्ज टपालाने जायचा. दोन दिवस इकडेतिकडे झाले तर पलीकडे माझ्यासारखाच एक आवक कारकून बसलेला असायचा. पोस्टाचा शिक्का पाहायचा, फोन करून विचारायचा, समजून घ्यायचा. आता पलीकडे पोर्टल आहे. त्याला दौरा कळत नाही, मिटिंग कळत नाही. वेळ झाली की दार बंद. म्हणजे दिल्लीचं घड्याळ सेकंदावर चालतं आणि आपल्या कार्यालयाचं महिन्यावर, आणि या दोन घड्याळांच्या मधे माणूस चिरडतो. चिरडतो तो अर्ज करणारा. सही न करणाऱ्याचं काहीच जात नाही.

कार्यालयाची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी स्वतःशीच बेइमान ठरेन. संस्थेची सही लागते ती उगाच नाही. अनुदान माणसाच्या नावावर येत नाही, संस्थेच्या नावावर येतं. पैसे खर्च झाले की उपयोगिता प्रमाणपत्र संस्थेला द्यावं लागतं, लेखापरीक्षणाचे आक्षेप संस्थेवर येतात. प्राध्यापक नोकरी सोडून गेला तर यंत्रांचं काय, नेमलेल्या पोराच्या पगाराचं काय, याची उत्तरं कार्यालयालाच द्यावी लागतात. शिवाय त्या टेबलावर माणसं किती? कित्येक जागा रिकाम्या, एकाच बाईकडे तीन विभागांचा कारभार. हे सगळं खरं आहे. म्हणून ‘सहीच नको’ असं मी म्हणत नाही.

अमेरिकेतही अर्ज संस्थाच पाठवते. तिथे केंद्र सरकारच्या अनुदानांचं ग्रँट्स डॉट गव्ह हे पोर्टल 2003 मध्ये सुरू झालं, पण विद्यापीठातला प्राध्यापक स्वतःच तिथे अर्ज टाकून मोकळा होत नाही. त्याच्या वतीने विद्यापीठाच्या कार्यालयातला अधिकृत माणूस पाठवतो. माझा पुतण्या तिकडे आहे, तोही कार्यालयाच्या नावाने बोटं मोडतो. पाच दिवस आधी द्या म्हणतात, किती ही कटकट, वगैरे. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, पाच दिवस हा आकडा तरी तुला माहीत आहे! आणि त्या पाच दिवसांत ते लोक करतात काय? तर अंदाजपत्रकाची बेरीज तपासतात, कुठला कागद राहिला ते सांगतात, आणि शेवटी बटण त्यांनीच दाबायचं असतं, म्हणून ते घड्याळाकडे बघतात. त्या कार्यालयाचा खर्चही अनुदानातल्या संस्थेच्या वाट्यातून निघतो. आपल्याकडेही अनेक योजनांत संस्थेला ओव्हरहेड मिळतो. वाटा घ्यायचा, तर काम नको का करायला? फरक कार्यालय असण्या-नसण्याचा नाही. तिथे कार्यालय अर्जाच्या बाजूने उभं असतं, आपल्याकडे अर्जाच्या वाटेत.

आणि ‘नियम तसा आहे हो’ हे मला सांगू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा ऑक्टोबर 2000 पासून लागू आहे. डिजिटल सहीला तेव्हापासून कायद्याने मान्यता आहे. आयकराचं विवरणपत्र ऑनलाइन भरूनही त्याच्या पोचपावतीवर सही करून ती बंगळुरूला टपालाने पाठवायचो, आठवतंय ना? 2015 पासून आधारच्या ओटीपीवर काम भागायला लागलं. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने दाखल्यांच्या प्रती स्वतःच साक्षांकित करायची मुभा दिली आणि साहेबाच्या दारात शिक्क्यासाठी ताटकळणं संपलं. 1 मे 2018 ला डिजिटल सहीचा सातबारा आला. म्हणजे बघा, ज्या शेतात ती विहीर आहे त्या शेताचा सातबारा घरबसल्या, डिजिटल सहीने मिळतो. त्यासाठी तलाठी शोधत फिरावं लागत नाही. पण त्याच शेतातल्या विहिरीचं पाणी मोजायला पैसे मागायचे, तर निळी शाई पाहिजे!

यात मार कोणाला बसतो तेही पाहा. मोठ्या केंद्रीय संस्थांत अर्ज पाठवायला वेगळा विभाग असतो. राज्य विद्यापीठातल्या आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या शिक्षकाला आठवड्याचे तास, परीक्षेचं काम, निवडणुकीची ड्यूटी सांभाळून स्वतःच फाईलमागे धावावं लागतं. संसदेने 2023 मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला, 2008 च्या कायद्याने आलेलं जुनं मंडळ त्यात विलीन झालं. पाच वर्षांत 50,000 कोटींची भाषा झाली आणि राज्य विद्यापीठांपर्यंत, कॉलेजांपर्यंत संशोधन पोचलं पाहिजे असंही सांगितलं गेलं. चांगलंच आहे. पण वरच्या टाकीत कितीही पाणी भरा, खालची तोटी गंजलेली असेल तर बादली रिकामीच राहणार. आणि मग आम्हीच म्हणणार, आपल्याकडची पोरं अर्जच करत नाहीत!

नुसती बोंब मारून थांबणं मला आवडत नाही, म्हणून जुन्या कारकुनाच्या चार सूचना. एक, प्रत्येक प्रस्तावाला आल्या दिवशी आवक क्रमांक द्या आणि आज तो कोणाच्या टेबलावर आहे ते अर्जदाराला दिसू द्या. दोन, सहीला मुदत ठरवा. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आलाच आहे. त्यात मुदत आहे, अपील आहे, विनाकारण अडवणाऱ्याला दंडही आहे. त्याच धर्तीवर विद्यापीठाने लिहून द्यावं, सात कामकाजाचे दिवस. त्यात हरकत घेतली नाही, तर संमती धरली जाईल. तीन, साहेब दौऱ्यावर असतील तर सही कोणाची चालेल हे आधीच ठरवा, आणि सही डिजिटल करा. चार, आणि हे दिल्लीवाल्यांसाठी. अर्ज करताना विभागप्रमुखांचं पत्र पुरे धरा. कुलसचिवांचं पत्र प्रकल्प मंजूर झाल्यावर मागा. बहुतेक अर्ज नामंजूरच होतात, मग प्रत्येकासाठी अख्खं कार्यालय कशाला फिरवायचं? पैसे येणार हे ठरलं की संस्थेची जबाबदारी सुरू होते. मग करा हवी तेवढी चर्चा.

यातल्या एकाही गोष्टीला नवीन इमारत लागत नाही, नवीन कायदा लागत नाही.

पोरगी यंदा पुन्हा अर्ज करतेय. या वेळी फाईल तीन महिने आधी लावलीय, आणि तिला आवक क्रमांक लिहून घ्यायला मी शिकवलंय. मंजूर होईलही. पण तो मे महिना गेला तो गेला. त्या वर्षी पाऊस यायच्या आधी चाळीस विहिरींत किती खार होता, हे आता जगातलं कुठलंच पोर्टल सांगू शकणार नाही. सही मागच्या तारखेची करता येते, पाणी मागच्या तारखेचं मोजता येत नाही.

ते सोमवारचं पत्र तिने माझ्याकडे ठेवायला दिलंय. फ्रेम करून लावावं म्हणतोय, पण हिचं म्हणणं, भिंतीवर देवाच्या शेजारी कशाला. असो. तूर्तास ते माझ्या जुन्या आवक वहीत आहे.