सावधान!

मनाचा गोंधळ उडाला की माणसाला देव आठवतो. परीक्षा जवळ आली, नोकरीचे पत्र येईना, पावसाने ओढ दिली, की आपली पावले आपोआप देवळाकडे वळतात. मागणे एकच असते, "देवा, यातून सोडव." गोंधळ मिटला तर कृपा झाली, न मिटला तर देव रुसला, असा आपला सरळ हिशेब असतो. मला हा हिशेब चुकीचा वाटतो, आणि तसे वाटण्याचे कारण आपल्याच जालना जिल्ह्यात आहे.

घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली सूर्याजीपंत व राणूबाई ठोसर यांच्या पोटी नारायण जन्मला. पुढे तोच समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बाराव्या वर्षी त्याचे लग्न ठरले. परंपरा असे सांगते की, मनात विवाहाची ओढ नव्हती, परंतु अंतरपाट धरीपर्यंत नाही म्हणणार नाही, असा शब्द त्याने आईला दिला होता. एका बाजूस आईचा शब्द, दुसऱ्या बाजूस अंतरीची हाक! भटजींनी 'सावधान' म्हटले आणि नारायण बोहल्यावरून निघून गेला.

वस्तुतः हा शब्द प्रत्येक लग्नात उच्चारला जातो. असंख्य नवरदेवांनी तो ऐकला आणि अक्षता पडल्यावर विसरले. शब्द नवा नव्हता. तो ऐकणारे मन जागे झाले होते. माझ्या मते कृपा ती हीच. त्या शब्दाने नारायणाला कोठे जावे, काय करावे, यांपैकी काहीच सांगितले नाही. त्याने फक्त जागे केले. उत्तर पुढे कष्टाने मिळवावे लागले. नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे साधना, त्यानंतर बारा वर्षे देशभर पायपीट. 'करुणाष्टके' वाचताना तर जाणवते की, जगाला खडे बोल सुनावणारा हा पुरुष रामापुढे अनुतापाने व्याकूळ होऊन कृपेची याचना करतो. म्हणजे कृपा झाली तरी तळमळ उरलीच होती!

येथे कोणी विचारील, मग घर सोडून पळणे हीच काय कृपा? राणूबाईच्या अश्रूंचे काय? प्रश्न रास्त आहे. मुलाच्या वियोगाने रडून तिची दृष्टी गेली, असे परंपराच सांगते. नापास झालो म्हणून घर सोडावे आणि त्याला ईश्वरी संकेत म्हणावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पळणारा आपले ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर टाकतो; ज्याच्यावर कृपा होते त्याच्या खांद्यावरचे ओझे वाढते. नारायणाने ते जन्मभर वाहिले, आणि चोवीस वर्षांनी तो आईच्या दाराशी परतलाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. बाग तोडावी की विकतचे पाणी घालून जगवावी, या पेचात कितीतरी घरे रात्र रात्र जागली. आभाळाकडून उत्तर आले नाही. अशा वेळी जो आपल्या घागरीतले पाणी शेजाऱ्याच्या तहानलेल्या बैलापुढे ठेवतो, त्याला पुढच्या वर्षाचे काही दिसत नसते. आज काय करायचे, एवढे मात्र स्वच्छ दिसते. त्याच्यावर देवाची कृपा नाही, असे कोण म्हणेल?

म्हणून मित्रहो, आपण आपले मागणे थोडे बदलू या. "यातून सोडव" याऐवजी "यात मला जागे ठेव" असे म्हणू या. वाट एकदम दिसणार नाही. पण पुढच्या एका पावलापुरता उजेड मिळाला, तरी तो आशीर्वादच समजावा आणि चालू लागावे.