सुकेळ्याआधी बावखल

सुकेळं, म्हणजे उन्हात वाळवलेलं केळं, करायला राजेळी केळीच लागतात. पिकली की सोलून चटईवर मांडायची, दिवसभर कडक ऊन द्यायचं, सांजावलं की गोळा करून झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा बाहेर. आठवडाभर हे चालतं. आभाळ भरून आलं की घरातल्या बायकांचा जीव टांगणीला. वाळल्यावर मधासारखा रंग येतो, मग केळीच्याच सुक्या पानात बांधणी. वरून साखरेचा कण घालावा लागत नाही.

खाद्यमहोत्सव भरतात, पाककृतींच्या पुस्तिका निघतात. चांगलंच आहे. पण आमच्या वसईतल्या गिरीज-निर्मळ-आगाशीकडे कृती विसरण्याआधी वाडी जाते आहे, आणि वाडीच्याही आधी बावखल. या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर रहाट चालत, केळी नि पानवेली जगत. भराव टाकून ती बुजली, तर राजेळीला पाणी कोण देणार? पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह अख्खी वसई लढली, ती याच काळजीने.

या काळजीला कायद्याचाही आधार आहे. 2002च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता समिती नेमून परिसरातल्या जैवविविधतेची लोकनोंदवही करायला सांगितलं आहे. वसई-विरार महापालिकेने त्या वहीत प्रत्येक बावखल, राजेळी, बनकेळ, भुरकेळ यांच्या वाड्या आणि सुकेळी करणारी घरं गावनिहाय लिहावीत. बांधकामाची परवानगी देताना तीच वही टेबलावर उघडी हवी. कपाटातली नोंद काय कामाची?

दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून कोकणच्या शेतीसाठी काम करतं आहे. राजेळीचे निरोगी मुनवे वाडीवाल्याच्या हाती पडावेत, धूळ-माश्यांपासून राखणारं स्वस्त वाळवणयंत्र मिळावं, एवढं त्याच्याकडे मागणं आहे. वसईतल्या महाविद्यालयांनी मुलांना आजीच्या ओटीवर धाडावं. घड कधी उतरवायचा, सुकेळं पुरतं वाळलं हे बोटाला कसं कळतं, हे तिच्याच कादोडी किंवा वाडवळी बोलीत ध्वनिमुद्रित करावं आणि त्याला प्रकल्पाचे गुण द्यावेत.

सुकेळ्यालाही मानांकन घ्या, असं कुणी म्हणेल. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे बहाडोलीच्या जांभळालाही. मानांकनाने भाव मिळतो, हे मला मान्य. मुळाला पाणी मात्र बावखलच देतं. म्हणून येत्या अर्थसंकल्पात बावखलांच्या गाळउपशासाठी वेगळी तरतूद हवी, आणि पावसाळ्यापूर्वी काम सुरू व्हायला हवं.