पहिले ताट कोणाचे?

संध्याकाळ झाली की घरोघरी एकच विचार सुरू होतो, रात्रीला काय करायचे? आमच्या करमाडातही तेच. आरोग्याच्या सदरात या प्रश्नाला उत्तर म्हणून सहसा पदार्थांची यादी दिली जाते. हे खा, ते टाळा. ती यादी आज मीही थोडीफार देणार आहे. पण दवाखान्यात बसून रोज जे दिसते त्यावरून माझे मत असे झाले आहे की, रात्री काय शिजले यापेक्षा ते कोणी, कधी आणि कितव्या पंगतीला खाल्ले हा प्रश्न मोठा आहे. आपल्या बहुतेक घरांत त्याचे उत्तर चुकते, आणि त्याची किंमत एकच व्यक्ती मोजते. ती म्हणजे स्वयंपाक करणारी बाई.

आधी काय शिजते ते पाहू. करमाड हे जालना रस्त्यावरचे मोठे गाव. एका बाजूला शेती, दुसऱ्या बाजूला जवळच शेंद्र्याची औद्योगिक वसाहत. त्यामुळे घरातला एक जण शेतात, एक कंपनीत, मुले शाळा-कॉलेजात, असे चित्र सर्रास दिसते. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका सकाळी डबा घेऊन निघतात त्या दिवेलागणीला परततात. अशा दमलेल्या बाईने रात्री कुकरला खिचडी लावली, तर तिला कोणी नावे ठेवू नयेत. कधी पिठले-भात, कधी बटाट्याची भाजी आणि पोळ्या, पाहुणा आला तर शेवभाजी, पोरांनी हट्ट धरला तर पुड्यातल्या झटपट शेवया. आठवड्याचे सहा दिवस असेच जातात.

भाकरी मात्र कमी झाली. याचे खापर नव्या सुनांवर फोडण्याची रीत आहे. "आताच्या पोरींना भाकरी थापता येत नाही," असे सासूबाई म्हणतात. पण कारणे चुलीपाशी नाहीत, शेतात आणि रेशन दुकानात आहेत. आपल्या भागात बाजरीच्या जागी कापूस आणि मका आला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातल्या कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण त्यात मुख्यतः गहू आणि तांदूळ असतो. जे फुकट घरात येते ते शिजते, आणि बाजरी विकत आणावी लागते. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन दिवस काढलेली पिढी अजून गावात आहे. भरल्या कणगीचे मोल त्यांना विचारा. तेव्हा रेशनच्या गहू-तांदळाला मी वाईट म्हणणार नाही. फक्त त्याच्या जोडीला काय हवे ते सांगेन.

थोडा हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असते. ज्वारीत आणि गव्हाच्या कणकेत सुमारे ४, तर सडलेल्या पांढऱ्या तांदळात १ मिलिग्रॅमसुद्धा नाही. हरभऱ्याच्या डाळीत सुमारे ६, मेथीच्या पाल्यात ५ हून अधिक. आणि ज्या बिटाचा रस "लाल आहे म्हणून रक्त वाढते" असे समजून पोरीबाळींना पाजला जातो, त्यात १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी! बीट खाण्यात काही वाईट नाही, पण रक्तासाठी त्याच्या नादी लागू नका. आपल्या पिठल्या-भाकरीची सर त्याला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि पाळी चालू असलेल्या स्त्रीला २९ मिलिग्रॅम. म्हणजे बाईची गरज पुरुषाच्या दीडपट. महिन्याच्या महिन्याला जे रक्त जाते ते भरून काढावे लागते, बाळंतपणात तर आणखी ओढ बसते. पुरुषाला भाकरी जास्त लागत असेल, पण भाकरीबरोबरची भाजी, डाळ, उसळ यांचा मोठा वाटा हिशेबाने बाईकडे जायला हवा. आपल्या घरांत नेमके उलटे होते.

पंगत कशी बसते ते डोळ्यांसमोर आणा. आधी पोरे जेवतात. मग घरातली मोठी माणसे आणि पुरुषमंडळी. गरम भाकरी तव्यावरून थेट त्यांच्या ताटात. भाजी पुन्हा वाढली जाते, डाळ खालून ढवळून घट्ट वाढली जाते. शेवटी सासूबाई, आणि सगळ्यांची उष्टी ताटे उचलून झाल्यावर सूनबाई. तोवर पातेल्यात उरलेले असते वरचे पाणी, दुरडीत सकाळची अर्धी भाकरी, आणि तोंडी लावायला ठेचा. ज्या घरात मटण शिजते तिथे फोडी पहिल्या पंगतीला जातात आणि शेवटच्या पंगतीला उरतो रस्सा. भाजी कमी पडलीच तर "मला कुठं भूक आहे" हे वाक्य ठरलेले. एकाच चुलीवर, एकाच भांड्यात शिजलेले अन्न. पण पहिल्या ताटात आणि शेवटच्या ताटात जमीन-अस्मानाचा फरक.

त्याचे परिणाम आकड्यांत दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ साली, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के रक्तक्षयी होत्या. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हे प्रमाण ५४.२ टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्ये ते साधारण २२ टक्के आहे. हा सगळा फरक पंगतीमुळे पडतो असे मी म्हणत नाही. पाळी, लागोपाठची बाळंतपणे, पोटातले जंत ही कारणेही आहेत. पण ज्या शरीराची झीज अधिक, त्यालाच उरलेसुरले द्यायचे, हा कुठला न्याय?

माझ्याकडे अशा बायका येतात तेव्हा त्या "रक्त कमी आहे" असे सांगत नाहीत. त्या म्हणतात, "डॉक्टरसाहेब, अंगात त्राण राहत नाही." "दोन हंडे उचलले की धाप लागते." "पिंढऱ्या वळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते." कोणी माती किंवा पाटीवरची पेन्सील खाते आणि सांगायला लाजते. त्यांना शक्तीचे इंजेक्शन किंवा सलाईन हवे असते. मी मात्र विचारतो, "काल रात्री तुम्ही काय जेवलात?" उत्तर येते, "केलं होतं ना साहेब, वरण-भात, मेथीची भाजी..." मी पुन्हा विचारतो, "घरात काय केलं ते नाही, तुमच्या ताटात काय होतं?" मग बराच वेळ कोणी बोलत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. "हे कामावरून आल्याशिवाय मी कशी जेवणार? घरची रीत आहे." भगिनींनो, रीतीमागची माया मला समजते. पण ही रीत पडली तेव्हा घरधनी दिवेलागणीला शेतातून परतत असे आणि सात-आठला सगळ्यांची जेवणे आटोपत. आता दुसऱ्या पाळीचा कामगार घरी पोचेपर्यंत रात्रीचे अकरा-बारा वाजतात. बाई तोवर थांबते. मधल्या वेळात भूक लागली की चहा आणि त्यात बुडवून टोस्ट. चहाने भूक मरते, आणि चहातले द्रव्य अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-सूचनांत जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी टाळावी असे सांगितले आहे. अशा बाईचे जेवणही गेले आणि चहानेही घात केला. पहाटे पाचला नळाचे पाणी भरायला तिलाच उठायचे असते, हे वेगळेच.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. स्वयंपाक झाला की सर्वांत आधी, पहिली पंगत बसायच्या अगोदर, स्वयंपाक करणारीचे ताट वाढून झाकून ठेवायचे. भाजी, घट्ट डाळ, भाकरी, लिंबाची फोड, सगळे त्यात आले पाहिजे. गरोदर सून असेल, ओली बाळंतीण असेल, पाळी सुरू झालेली लेक असेल, तर तिचेही. शक्य असेल तर तिने मुलांबरोबरच जेवून घ्यावे. रात्री उशिरा येणाऱ्याने आपले ताट आपण वाढून घ्यावे. कंपनीत रांगेत उभे राहून तो स्वतः ताट घेतोच ना? मग घरी हात का दुखावेत? हे पुरुषांनी स्वतःहून सांगितले तरच होईल. बाईने आपणहून आधी जेवायला घेतले तर चार बोलणी तिलाच खावी लागतात. "तू जेवून घे, मी आलो की घेईन वाढून," एवढे एक वाक्य नवऱ्याने सासूबाईंच्या देखत म्हणावे. आणि सासूबाईंनीही आठवावे की, शेवटच्या पंगतीला आपणही वर्षानुवर्षे बसलो होतो.

आता कबूल केलेली यादी. वेळ कमी आहे, पैसा कमी आहे, हे धरूनच सांगतो.

खिचडी करायची तर जरूर करा, पण डाळीचा हात सैल सोडा. दोन वाट्या तांदळाला निदान एक वाटी मूग किंवा तूर घाला, त्यात मूठभर शेंगदाणे आणि चिरलेली मेथी टाका, आणि जेवताना वर लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतले लोह अधिक चांगले शोषले जाते. पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर यांचाही तोच उपयोग. सकाळी मटकी किंवा हरभरे भिजत घातले तर रात्री उसळ तयार. वरणफळे हा आपल्या आयाबायांचा फार शहाणा पदार्थ आहे. एकाच पातेल्यात गहू आणि डाळ दोन्ही आली, पोळ्या लाटायचा त्रास वाचला. हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची आमटी करा. मेथी, शेपू, तांदुळजा, करडईचा पाला, जे स्वस्त असेल ते घ्या. जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची चटणी डब्यात करून ठेवली तर दमलेल्या दिवशी कामी येते. घरात अंडी चालत असतील तर ती शिजायला दहा मिनिटे लागतात. फक्त बाईच्या वाट्यालाही अख्खे अंडे आले पाहिजे.

आणि आठवड्यातून तीन-चार रात्री तरी बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी ठेवा. महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांच्या प्रयत्नांतून २०१२ साली महाराष्ट्रात 'धनशक्ती' नावाचे अधिक लोहाचे बाजरीचे वाण आले. आपल्याच राज्यातल्या १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना अशा बाजरीची भाकरी काही महिने दिवसातून दोनदा देऊन अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोहाची कमतरता भरून निघण्याचे प्रमाण साध्या बाजरीच्या तुलनेत दीडपटीहून अधिक दिसले. ज्यांच्याकडे दोन-चार गुंठे मोकळे असतील त्यांनी कापसाच्या जोडीला घरापुरती बाजरी पेरायला हरकत नाही.

एक इशारा दिल्याशिवाय राहवत नाही. रक्त फार उतरले असेल तर नुसत्या जेवणाने ते भरून येत नाही. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या आत आणि गरोदरपणी ११ च्या आत असले तर तो रक्तक्षय समजावा. ८ च्या खाली गेले तर दिवस न घालवता डॉक्टर गाठावा. तपासणी साधी आहे. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत. शौचाला काळे होते म्हणून घाबरून बंद करू नयेत, ते होणारच. पोटाला त्रास झाला तर जेवणानंतर घ्याव्यात. जंताच्या गोळीबद्दलही विचारावे. पाळीत फार रक्त जात असेल तर ते लपवू नये, त्यावर उपचार आहेत.

"आधी पोटोबा, मग विठोबा" असे आपण म्हणतो. त्यातला पोटोबा घरातल्या प्रत्येकाचा आहे. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा पुरुषवाचकांनी एवढेच करावे. पहिला घास घेण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात डोकावावे आणि मागे राहिलेल्या ताटासाठी भाजी किती उरते आहे ते पाहावे. कमी वाटली तर आपल्या वाटीतली तिकडे काढावी, आणि मग जेवावे.