शिक्का पाहिला, आता पाकीट उलटा

परवा दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले. उर्दू शाळेत त्यांची सारी हयात गेली. रक्तदाब काही केल्या उतरत नव्हता. पापड, लोणचे तर केव्हाच बंद केलेले. मग मीठ येते कोठून? चौकशी केली तेव्हा कळले, की रोज सकाळी पावाबरोबर चिकन सलामीच्या चार चकत्या. मी भुवया उंचावताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हलालचा शिक्का बघूनच घेतो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पाकीट घेऊन बोलावले. शंभर ग्रॅममध्ये ९०० मिलिग्रॅम सोडियम! चार चकत्या साठ ग्रॅम भरतात. म्हणजे जवळजवळ १.३५ ग्रॅम मीठ. दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅम. तिचा चौथा हिस्सा न्याहारीलाच संपला.

पूर्वी गावचा मुलाणी डोळ्यांसमोर कोंबडी हलाल करून देई. कोंबडी कोठली, हे विचारावे लागत नसे. पाकिटातल्या मांसाचे तसे नाही. म्हणून वाचकहो, पाकीट उलटून पाहा. विकणारी कंपनी एक आणि बनवणारा कारखाना दुसराच, असे पुष्कळदा असते. कारखान्याचा पत्ता वाचा. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक शोधा. हलालचे प्रमाणपत्र सरकारी अन्न प्राधिकरण देत नाही, वेगळ्या संस्था देतात. तेव्हा नुसता शब्द पुरेसा नाही, संस्थेचे नाव हवे.

आता पोषणाचे. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. चिकनपाठोपाठ पाणी, स्टार्च, सोया प्रथिने आणि तेल आले, तर आपण मांसाच्या भावात काय घेतो ते समजावे. 'आयएनएस २५०' म्हणजे सोडियम नायट्राइट. मांस टिकावे आणि गुलाबी दिसावे म्हणून ते घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. रोज पन्नास ग्रॅम खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आढळतो. कधीमधी एखादी चकती खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे.

हे सारे ऐकून गुरुजी क्षणभर गप्प झाले. मग स्वतःच म्हणाले, "कुराणात हलालबरोबर 'तय्यब' हा शब्दही आहे. तय्यब म्हणजे चांगले, निर्मळ. मी पहिलाच शब्द वाचत होतो."

माझ्या मते याहून नेमके कोणी सांगणार नाही. जनावर कोणते आणि ते कसे कापले, हे शिक्का सांगतो. मीठ, चरबी आणि रसायने यांचा हिशेब मागच्या बारीक अक्षरांत असतो. 'शुद्ध', 'नैसर्गिक' असे शब्द छापलेल्या कोणत्याही पाकिटाला हेच लागू आहे.

गुरुजी आता ओळखीच्या खाटकाकडून ताजे चिकन आणतात, घरी उकडून मिरपूड आणि लिंबू लावून खातात. मीठ बेताचेच. रक्तदाब पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणार आहे.