आधी हिशेब, मग हीट पंप

मंडळी, बॉयलर जुना झाला की हीट पंपाचं कोटेशन मागवायच्या आधी गॅसची वर्षभराची बिलं काढून बसा.

समजा, वर्षाला १२,००० युनिट गॅस जळतो. बॉयलर ८५ टक्के कार्यक्षम धरला, तर घराला मिळाली १०,२०० युनिट उष्णता. हीट पंपाने एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता दिली, तर वीज लागेल ३,४०० युनिट. पण इथे वीज गॅसच्या जवळजवळ चारपट महाग! म्हणजे खर्च १३,६०० युनिट गॅसइतका. इंग्लंड-वेल्समध्ये ७,५०० पौंड अनुदान मिळतं खरं, पण त्याने बिल उतरत नाही.

आपली १९२० पूर्वीची टेरेस घरं बहुधा सलग नऊ इंची विटांची. ऊब भिंतीतून जाते, फटींतून जाते. म्हणून आधी लॉफ्टमध्ये २७० मिलिमीटर लोकर घाला, फटी बुजवा (हवा खेळायच्या जाळ्या मात्र नकोत!).

कॉम्बी बॉयलर असेल तर कडक थंडीत रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ५० अंशांवर ठेवून बघा. घर उबदार राहिलं, तर हीट पंप परवडण्याची आशा आहे. नाहीतर आधी मोठे रेडिएटर बसवा.